आडनाव लोपीस, बोली कादोडी

‘वसईचे ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगीजांचे वंशज’ हा समज अजून फिरतोच. आडनावं पाहून तसं वाटतं खरं: लोपीस, परेरा, डिमेलो. पण ही नावं बाप्तिस्म्याबरोबर आली, रक्तातून नाही.

१५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्यानंतर धर्म बदलला तो इथल्याच बागायतदारांनी, कोळ्यांनी. केळी आणि पानवेल लावणारे हात तेच राहिले. इथल्या ख्रिस्ती कुपारी समाजाच्या घरांत आजही कादोडी बोलतात, आणि गंमत म्हणजे तीच बोली शेजारच्या हिंदू सामवेदी घरांतही ऐकू येते. जुन्या बायकांचं लाल लुगडं पाहा, त्यात लिस्बनचं काय आहे?

१७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले. शेतकरी कुठे जाणार? विहीर, वाडी इथेच होती. काही चर्चच्या घंटा मात्र देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा त्यांतलीच, तिच्यावर १७२१ साल आहे.

आणि भाषेचं म्हणाल, तर वसईच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत होते. इथलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.