घरगुती श्वसनसहाय्य : वापरातील सातत्य (नाशिक जिल्हा)

श्वसनाच्या दीर्घ आजारात रुग्णाने घरी वापरायची यंत्रे मुख्यतः तीन : झोपेत घसा मिटून श्वास अडत असेल तर सीपॅप (मास्कमधून सतत एकसारख्या दाबाने हवा देणारे), रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असेल तर बायपॅप (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारे), ऑक्सिजन कमी पडत असेल तर कॉन्सन्ट्रेटर (खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने देणारे). यंत्र घरी आले म्हणजे ते रोज लावले जातेच असे नाही.

सीपॅपचा उपचार सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली मांडला. रात्री किमान चार तास, तेही शंभरपैकी सत्तर रात्री, हा नियमित वापराचा रूढ निकष. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ या सीपॅपच्या बहुराष्ट्रीय चाचणीत सरासरी वापर रात्री ३.३ तासच भरला. यंत्र टिकणार की कपाटावर जाणार, याचा अंदाज बहुधा पहिल्या आठवड्यातच येतो. सकाळी डोके हलके वाटले, दुपारी दुकानात डुलकी लागली नाही, तर रुग्ण आपणहून मास्क लावतो. शेजारी झोपणाऱ्या बायकोला घोरणे थांबल्याचे त्याच्याही आधी कळते, आणि पुढे आठवणही तीच करते.

सोडण्याची कारणे बहुतेक मास्कपाशी सापडतात. कवळी काढून झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे गाल आत जातात, मास्कच्या कडेने हवा फुसफुसत डोळ्यांत जाते. घरचे पट्टा आणखी आवळतात आणि नाकाच्या दांड्यावर जखम होते. तिथे मास्कचे माप बदलायला हवे असते. निफाडच्या थंडीत आणखी एक त्रास : ह्युमिडिफायरच्या, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या भांड्याच्या, दमट हवेतील वाफेचे गार नळीत पाणी होते, ते गुडगुडते, थेंब नाकावर पडतात. नळी गोधडीखालून घेतली की बरेचसे भागते. भांड्यात आरओचे पाणी घातले तरी क्षार बसू शकतात. डिस्टिल्ड वॉटरच घालावे.

ऑक्सिजनची गोष्ट वेगळी आहे, आणि जास्त अवघड. १९८० व १९८१ साली अमेरिका आणि ब्रिटनमधील चाचण्यांनी दाखवले, की सीओपीडीत (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या फुप्फुसांच्या आजारात) ऑक्सिजन फार घटलेल्या रुग्णांचे आयुष्य वाढते. पण त्यासाठी तो दिवसाकाठी पंधरा तास किंवा अधिक घ्यावा लागतो. हा फायदा रुग्णाला जाणवत मात्र नाही. म्हणून चुलीच्या धुरात उमर गेलेली आजी ‘दम लागला की लावते’ म्हणते, आणि घरच्यांनाही ते पटते. ‘सवय लागेल’ ही भीती निराधार आहे. ‘ऑक्सिजन लागला म्हणजे संपलेच’ ही समजूत तिच्याहून चिवट.

विजेचा हिशेबही आड येतो. ३५० वॅटचा कॉन्सन्ट्रेटर पंधरा तास चालला तर रोज सव्वापाच युनिटे, महिन्याला दीडशेच्या वर. महावितरणच्या घरगुती दरांचा पहिला टप्पा शंभर युनिटांचा. एकटे यंत्रच तो ओलांडते. मग घरचे न सांगता तास कमी करतात. डॉक्टरांनी तास विचारताना बिलही विचारावे. उलट दम वाढला की कुणीतरी ऑक्सिजनचा प्रवाह वाढवणारी गुंडी फिरवून मोकळे होते. कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या रुग्णाला त्याने गुंगी येऊ शकते.

सुरगाणा, पेठकडच्या पाड्यांवर वीज गेली की कॉन्सन्ट्रेटर बंद, म्हणून भरलेला सिलिंडर हाताशी लागतो. एका खोलीच्या घरात देवघरही तिथेच असते. आग भडकू नये म्हणून समई, उदबत्ती आणि बिडी ऑक्सिजनपासून लांब ठेवायला सांगितले, तर पुष्कळदा समई राहते आणि नळी निघते. अशा घरात समई दुसरीकडे कुठे लावायची, हे सासूबाईंशी बोलूनच ठरवावे लागते.