वाढते थायरॉइड, करणी यकृताची

फिनोबार्बिटल हे 1912 पासून वापरात असलेलं औषध. आधी ते झोपेसाठी द्यायचे, मग अपस्मारावर त्याचा उपयोग कळला आणि तिथे ते आजही टिकून आहे. प्रयोगशाळेतल्या उंदरांना ते काही आठवडे दिलं की त्यांची थायरॉइड ग्रंथी वाढू लागते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर ग्रंथीतल्या पुटिकांच्या कडेच्या एरवी बसक्या असणाऱ्या पेशी उंच झालेल्या दिसतात, त्यांची संख्याही वाढलेली असते. औषध थायरॉइडवरच घाला घालत असणार, असा संशय साहजिकच येतो. पण थायरॉइड बिचारी निमूटपणे हुकूम पाळत असते.

खरी घडामोड यकृतात होते. फिनोबार्बिटलमुळे यकृतपेशीतला ‘कार’ नावाचा ग्राही, म्हणजे संकेत टिपणारं प्रथिन, जागा होतो आणि बाहेरची रसायनं निकामी करणारी विकरं भराभर तयार होऊ लागतात. यकृताचं वजनही वाढतं. यातली काही विकरं मात्र शरीराच्या स्वतःच्या थायरॉक्सिनलाही, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकालाही, सोडत नाहीत. त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल चिकटवतात आणि पित्तावाटे आतड्यात ढकलून देतात. रक्तातलं थायरॉक्सिन घटलं की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, वाढवते. गळकी टाकी भरायला पंप अखंड चालवावा, तशी थायरॉइड राबत राहते आणि राबून फुगते.

हे पडताळून पाहण्याची युक्ती मला फार आवडते: औषधासोबत उंदरांना वरून थायरॉक्सिनही द्यायचं. मग टीएसएच चढत नाही आणि थायरॉइडही वाढत नाही.

उंदरांमध्ये दीर्घकाळ चढलेलं टीएसएच थायरॉइडच्या गाठींनाही खतपाणी घालतं. माणसाचं काय? माणसाच्या रक्तात थायरॉक्सिनला घट्ट धरून ठेवणारं एक खास प्रथिन असतं. प्रौढ उंदरात ते जवळपास नसतंच. त्यामुळे रक्तातलं निम्मं थायरॉक्सिन संपायला माणसात साधारण आठवडा लागतो, उंदरात एक दिवसही पुरतो. फिनोबार्बिटल घेणाऱ्या रुग्णांत थायरॉक्सिन थोडं उतरतं, पण टीएसएच बहुधा जागच्या जागी राहतं.

अपवाद आहे तो थायरॉइड मंदावलेल्या, थायरॉक्सिनच्या गोळीवर असलेल्या रुग्णांचा. त्यांची ग्रंथी जादा उत्पादन करून तूट भरून काढू शकत नाही. म्हणून फिनोबार्बिटल सुरू झालं की डॉक्टर त्यांचं टीएसएच पुन्हा तपासतात आणि गरजेनुसार गोळीचा डोस वाढवतात.