शिवणीतली माया आणि काट्यावरचा आकडा

उत्तर गोव्यातल्या एका कॉलेजात आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. वजनकाटा पोर्टिकोत मांडला होता. रांगेतल्या मुली चपला काढत होत्या, मग घड्याळ, मग ओढणी. एकीने केसांतली क्लिपसुद्धा काढून मैत्रिणीच्या हातात दिली. सिस्टर आकडा मोठ्याने वाचत होत्या आणि शेजारचा मुलगा तो लिहून घेत होता. काट्यावर चढण्याआधी एक फॉर्म भरायचा होता. त्यात प्रश्न होता: तुमचं वजन तुम्हांला कसं वाटतं? खाली पाच चौकटी, 'फार कमी'पासून 'फार जास्त'पर्यंत. एका मुलीने 'जास्त'वर खूण केली. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ५६ किलो. डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता बघितला नि म्हणाले, "बरोबर आहे गो तुझं, उगाच कशाला चिंता करतेस?" ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मॅडम, मी तर रात्रीचं शीत सोडलंय." शीत म्हणजे भात.

डॉक्टर तिला धीर देत होते, पण दुसरा तक्ता टांगलेला असता तर तीच मुलगी जादा वजनाची ठरली असती. विद्यार्थ्यांचा आपल्या वजनाबद्दलचा समज बरोबर की चूक, हे असल्या तक्त्याशी ताडून ठरवतात. म्हणून आधी तक्ता कुठून आला ते बघायला हवं. आणि तक्ता यायच्या आधी आपल्याकडे काय होतं, तेही.

आधी शब्द होते. गोव्यातल्या आमच्या घरांत कोकणी-मराठी सरमिसळ चालते, पण दोन्हींत बारीक होणं म्हणजे दुखणं किंवा उपासमार. 'वाळलीस', 'खंगलास', 'पाप्याचं पितर' हे काळजीचे शब्द. उलट 'अंग धरलंय', 'खाल्लेलं अंगी लागलंय', 'खात्यापित्या घरची' हे कौतुकाचे. त्यामागे कारण होतं. गोव्यात पिकणारा तांदूळ गोव्याला पुरत नसे. १९५५च्या सुमारास भारताने नाकेबंदी केली, तेव्हा तो जहाजांनी परदेशातून आणावा लागला. गड्यांच्या आणि कुळांच्या घरी उकड्या तांदळाच्या पेजेवर दिवस निघत. त्या पिढीच्या आजीने भरल्या अंगाची नात बघून समाधान मानलं, तर तिला अडाणी म्हणता येणार नाही. तिने उपाशी माणसं बघितली होती.

कपड्यांचंही तेच. झंपर किंवा शर्ट शिंपी मापाने शिवायचा आणि शिवणीत आत माया, म्हणजे थोडं जादा कापड, ठेवायचा. अंग वाढलं की घरीच शिवण उसवायची, दोन बोटं मोकळी करायची. कापड माणसासारखं होई. तयार कपड्यांत ती माया नसते. मानेमागे एक अक्षर शिवलेलं असतं, आणि दुकानातल्या त्या छोट्या खोलीत झिप चढली नाही की दोष कापडाचा वाटत नाही, स्वतःचा वाटतो. मला हा बदल काट्याइतकाच मोठा वाटतो.

आता तक्त्याकडे. ब्रुसेल्सचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३०च्या दशकात माणसांची मापं गोळा केली. त्यांना सापडलं की वाढीचं वय सरलं की वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ते 'सरासरी माणूस' शोधत होते. जाड कोण आणि रोगट कोण हा त्यांचा प्रश्नच नव्हता. तो प्रश्न विमा कंपन्यांचा. कोण लवकर मरेल याचा त्यांना हिशेब हवा होता. अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफने १९४२-४३मध्ये उंचीप्रमाणे 'आदर्श वजना'चे तक्ते काढले, बांधा लहान, मध्यम की मोठा हे धरून. बांधा ओळखायचा कसा, याचा नियम मात्र दिला नव्हता. आपल्याकडे लग्नाच्या बायोडेटात 'बांधा: सडपातळ' लिहितात, तेही असंच अंदाजाने.

१९७२मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ अँसल कीझ यांनी केटले यांचं सूत्र पुन्हा बाहेर काढलं आणि त्याला बॉडी मास इंडेक्स, म्हणजे आजचा बीएमआय, हे नाव दिलं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. त्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून जास्त पुरुषांची मापं तपासली होती. त्यात बाई एकही नव्हती, आणि सूत्र समूहांची तुलना करायला होतं. आज ते एकेका मुलीच्या फॉर्मवर बसतं.

रेषाही हललेल्या आहेत. अमेरिकेत १९९८पर्यंत जादा वजनाची रेषा २७च्या वर होती, ती २५वर आणली गेली. ज्यांच्या अंगात एक ग्रॅमही वाढला नव्हता अशी लाखो माणसं त्यामुळे जादा वजनाची झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रेषा अशा: १८.५च्या खाली कमी वजन, २५पासून जादा वजन, ३०पासून स्थूलता. मग २००४मध्ये त्याच संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियातल्या लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावध होण्याचे टप्पे सुचवले, आणि २००९मध्ये भारतीय तज्ज्ञांनी २३ला जादा वजन आणि २५ला स्थूलता असं ठरवलं.

हे का करावं लागलं, ते पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांमुळे सगळ्यात स्वच्छ दिसतं. २००४मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. काट्याला दोघे सारखेच. पुण्याजवळच्या गावांतल्या बाळांवरही याज्ञिकांनी काम केलं होतं: जन्मतः वजनाने कमी, पण चरबीने तेवढी कमी नाहीत. मधुमेह आपल्याकडे बारीक दिसणाऱ्यांनाही का गाठतो, याचा धागा तिथे सापडतो. आपल्या अंगाला आपली रेषा हवी, ही मागणी म्हणूनच रास्त आहे.

आता शिबिरातली मुलगी. ५६ किलोला १.५५च्या वर्गाने भागलं की २३.३ येतात. भिंतीवर २५ची रेषा होती म्हणून 'बरोबर'. भारतीय रेषेने 'जादा'. तिचा समज चुकला, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि बरोबर होता म्हणावं, तर तिने शीत सोडलं ते कुठला तक्ता वाचून सोडलं नव्हतं. शाळेत असल्यापासून एक नातेवाईक दर चतुर्थीला तिच्या दंडाला चिमटा काढून "मोटी जाल्या गो" म्हणायची, तेव्हापासून ते मनात होतं.

विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारायची रीत अमेरिकेतल्या विद्यापीठांत रुजली. १९८३मध्ये मनोविकारतज्ज्ञ स्टंकार्ड आणि सहकाऱ्यांनी बारीकपासून जाडपर्यंत नऊ आकृत्या काढल्या: यातली तू कुठली, आणि कुठली व्हायला आवडेल? दोन वर्षांनी फॅलन आणि रोझिन या मानसशास्त्रज्ञांनी पेनसिल्वेनियातल्या विद्यार्थ्यांना त्या दाखवल्या. मुलींना आपण आहोत त्याहून बारीक व्हायचं होतं. मुलग्यांची सरासरी बघता ते समाधानी दिसले. पण सरासरी इथे फसवते. एकाला बारीक व्हायचंय, दुसऱ्याला दंडाचे स्नायू फुगवायचेत. बेरजेत दोघांचं दुःख एकमेकांना खाऊन टाकतं. जिममध्ये प्रोटीन पावडरचा डबा घेऊन जाणाऱ्या आमच्या मुलग्यांकडे आम्ही याच कारणाने उशिरा बघितलं. २००६मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेन वॉर्डल यांच्या गटाने २२ देशांतल्या विद्यापीठांतून हीच विचारपूस केली; स्वतःला जाड समजणाऱ्यांत मुली सगळीकडे पुढे होत्या.

पडद्याचा परिणाम किती वेगाने होतो, ते पॅसिफिकमधल्या फिजी या बेटांच्या देशात दिसलं. तिथेही 'अंगाने भरलास' ही शाबासकी होती. नाड्रोगा भागात १९९५मध्ये टीव्ही आला. अमेरिकन संशोधक अॅन बेकर यांनी शाळकरी मुलींना तेव्हा आणि पुन्हा १९९८मध्ये विचारलं. वजनासाठी मुद्दाम उलटी काढणाऱ्या आधी एकही नव्हत्या, नंतर ११.३ टक्के झाल्या. आपल्याकडे खासगी वाहिन्या १९९२च्या सुमारास आल्या, १९९४ला मिस युनिव्हर्स आणि मिस वर्ल्ड हे दोन्ही मुकुट भारतात आले, आणि २०१६नंतर स्वस्त डेटाने पडदा खिशात आला. फिजीसारखी आधी-नंतरची मोजणी गोव्यात झाली असती तर काय दिसलं असतं, हा विचार मला सोडत नाही.

आणि वजन खरोखरही वाढलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत तिघींत एकीहून जास्त जणींचा बीएमआय २५ किंवा त्यावर निघाला. त्यामुळे 'दिसण्याकडे लक्ष देऊ नका' एवढं सांगून भागत नाही. कंबरेचा घेर, साखर, रक्तदाब बघायलाच हवेत. पण ते दार लावून, एकेकटीचे.

पुढच्या शिबिरासाठी मी दोन गोष्टी मागितल्या आहेत. काटा पोर्टिकोतून आतल्या खोलीत न्यावा. आणि फॉर्मवरच्या त्या पाच चौकटींखाली एक ओळ वाढवावी: असं तुम्हांला पहिल्यांदा कोणी म्हटलं, आणि तेव्हा तुमचं वय काय होतं?