झडती कुणाची, कुठे आणि कशाच्या आधारावर?

सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस इथं सिंकफील्ड चषक बुद्धिबळ स्पर्धेची चौथी फेरी सुरू होण्याआधी सुरक्षारक्षकानं १९ वर्षांच्या हान्स नीमनच्या अंगावरून स्कॅनर फिरवला. खांदे, पाठ, कंबर, पाय, सगळीकडे. आदल्या दिवशी त्यानं काळी मोहरी घेऊन जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनला हरवलं होतं आणि कार्लसननं स्पर्धाच सोडली होती. झडतीचा व्हिडिओ जगभर पाहिला गेला. काहीही सापडलं नाही. तरीही पुढचे कित्येक महिने हा मुलगा संशयितच राहिला. बुद्धिबळाच्या हॉलमध्ये ही तपासणी आली कुठून, हे समजून घ्यायचं तर तीस वर्षं मागं जावं लागतं.

१९९३ साली फिलाडेल्फियातल्या वर्ल्ड ओपन स्पर्धेत एका अनोळखी, मानांकन नसलेल्या खेळाडूनं नाव नोंदवलं ‘जॉन फॉन नॉयमन’. हे नाव संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या गणितज्ञाचं. या गृहस्थाच्या कानाला हेडफोन, खिशात काहीतरी फुगलेलं. त्यानं आइसलँडचा ग्रँडमास्टर हेल्गी ओलाफसन याच्याशी बरोबरी साधली. आयोजकांना शंका आली, पण त्यांनी त्याचे खिसे तपासले नाहीत. त्याच्यासमोर एक सोपं कोडं ठेवलं आणि सोडवायला सांगितलं. तो नकार देऊन निघून गेला, बक्षीस मिळालं नाही. त्या काळी एवढं पुरेसं होतं, कारण चांगली खेळी सुचवणारं यंत्र खिशात मावेल हेच मुळात अवघड होतं.

ही अडचण पुढच्या पंधरा वर्षांत संपली. १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकानं जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं तेव्हा त्यासाठी खास बांधलेला महासंगणक लागला होता. २००६ च्या अखेरीस बॉन इथं जगज्जेता क्रामनिक साध्या संगणकावरच्या ‘डीप फ्रिट्झ’ या बुद्धिबळ प्रोग्रॅमकडून ४-२ असा हरला. २००९ मध्ये ब्युनोस आयर्सच्या एका स्पर्धेत ‘पॉकेट फ्रिट्झ ४’ हा प्रोग्रॅम मोबाइल फोनवर चालवला गेला आणि त्यानं १० पैकी साडेनऊ गुण मिळवले. म्हणजे ग्रँडमास्टरपेक्षा ताकदवान खेळाडू आता कुणाच्याही खिशात बसू शकत होता. पंचांचं कामच त्या दिवसापासून बदललं.

मोबाइलवर बंदी आधीच आली होती, पण तिचं मूळ कारण व्यत्यय हे होतं. ऑक्टोबर २००३ मध्ये प्लोव्हदिव्ह इथल्या युरोपीय सांघिक स्पर्धेत युक्रेनच्या रुस्लान पोनोमारियोव्हचा फोन वाजला आणि त्याला डाव गमवावा लागला. त्याच्यावर फसवणुकीचा आरोप कुणीही केला नव्हता.

२००६ हे वर्ष मात्र वेगळंच ठरलं. जुलैत वर्ल्ड ओपनमध्ये एका खेळाडूच्या कानात छोटा वायरलेस श्रवणयंत्रासारखा तुकडा सापडला. त्याच स्पर्धेत आणखी एकाची झडती झाली, पण त्याआधी तो बराच वेळ शौचालयात जाऊन आला होता आणि त्याच्याकडे काहीच मिळालं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एलिस्ता इथं जगज्जेतेपदाच्या लढतीत प्रतिस्पर्धी तोपालोव्हच्या गोटानं क्रामनिक पुन्हापुन्हा शौचालयात जातो अशी तक्रार केली. आयोजकांनी खेळाडूंची खासगी शौचालयं बंद केली, क्रामनिकनं पाचव्या डावाला बसायलाच नकार दिला आणि तो डाव त्याच्या नावावर हरलेला नोंदला गेला. शेवटी तोच जिंकला, पण शौचालय हा बुद्धिबळातला संशयाचा कोपरा झाला तो तेव्हापासून. डिसेंबरमध्ये दिल्लीत सुब्रतो मुखर्जी स्मृती स्पर्धेत एका भारतीय खेळाडूच्या टोपीत शिवलेलं ब्लूटूथ उपकरण सापडलं. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघानं त्याच्यावर १० वर्षांची बंदी घातली.

यानंतरचा बल्गेरियाच्या बोरिस्लाव इवानोव्हचा किस्सा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण झडतीच्या मर्यादा त्यात उघड्या पडल्या. डिसेंबर २०१२ मध्ये क्रोएशियातल्या झादर इथं हा सामान्य मानांकनाचा खेळाडू ग्रँडमास्टरांना एकामागून एक हरवत सुटला. पंचांनी त्याचे खिसे रिकामे करायला लावले, पेन उघडून पाहिलं. त्यानं शर्टही काढला. हाती काही लागलं नाही. मग बाहेरच्या कुणाला डाव पाहून मदत करता येऊ नये म्हणून आयोजकांनी एका फेरीचं थेट प्रक्षेपण बंद ठेवलं, आणि त्या फेरीत तो हरला. पुरावा नाही, पण शंका दुप्पट. पुढच्या वर्षी ब्लागोएव्हग्राद इथं ग्रँडमास्टर मॅक्सिम द्लुगी यानं बूट तपासायची मागणी केली आणि आधी स्वतःचे बूट-मोजे काढून दाखवले. इवानोव्हनं आपल्या मोज्यांना वास येतो असं सांगत नकार दिला आणि डाव सोडला. पण झादरला शर्टापर्यंत गेलेली झडती कोणत्या नियमात बसत होती? त्यानं शर्ट काढायला नकार दिला असता तर पंच काय करणार होते? कुणाकडेच ठाम उत्तर नव्हतं.

उत्तर १ जुलै २०१४ पासून लागू झालेल्या फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमांत आलं. पंच खेळाडूला कपडे, पिशव्या, इतर वस्तू तपासू देण्यास सांगू शकतात. पण ही तपासणी खासगीत व्हावी, आणि तपासणारी व्यक्ती खेळाडूच्याच लिंगाची असावी. नकार दिल्यास शिक्षा होऊ शकते. एका परिच्छेदात मावणाऱ्या या तरतुदीनं पंचाला अधिकार दिला आणि खेळाडूला संरक्षणही. माझ्या मते यातला दुसरा भाग जास्त मोलाचा आहे, आणि प्रत्यक्षात तोच आधी विसरला जातो.

त्याची गरज का होती, हे आना रुडोल्फच्या अनुभवातून कळतं. २००७ मध्ये फ्रान्समधल्या वांदव्र इथं ही हंगेरियन खेळाडू सुंदर खेळत होती. काही प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली की तिला संगणकाची मदत तिच्या लिप बाममधून मिळते! तिला आपली पिशवी आणि ते लिप बाम बाजूला ठेवून खेळावं लागलं. २०१५ मध्ये जॉर्जियातल्या चाकवी इथल्या युरोपीय महिला स्पर्धेत रोमानियाच्या मिहाएला सांडूनं पहिले पाच डाव जिंकले, तर १५ खेळाडूंनी तिच्या यशावर शंका घेणारं पत्र सही करून दिलं. कसलाही पुरावा नव्हता. या प्रकरणात पुढे फिडेनं तक्रार करणाऱ्यांवरच कारवाई केली, ते योग्यच झालं. अनपेक्षित चांगला खेळ हा गुन्ह्याचा पुरावा मानला, तर प्रगती करणारा प्रत्येक खेळाडू आरोपी ठरेल.

त्याच २०१५ मध्ये खऱ्या चोऱ्याही पकडल्या गेल्या. दुबईत जॉर्जियाचा ग्रँडमास्टर गायोझ निगालिद्झे वारंवार एकाच शौचालयात जातोय हे प्रतिस्पर्धी तिग्रान पेट्रोसियनच्या लक्षात आलं. अंगझडतीत काही मिळालं नाही. मग पंचांनी ते शौचालय तपासलं, तेव्हा टॉयलेट पेपरमध्ये गुंडाळलेला फोन सापडला. त्यावर चालू डावाचीच स्थिती मांडलेली होती. त्याला तीन वर्षांची बंदी झाली आणि ग्रँडमास्टर किताब गेला. दिल्लीत मुंबईचे ग्रँडमास्टर प्रवीण ठिपसे यांना जाणवलं की समोरचा तरुण सोप्या आणि अवघड, दोन्ही खेळींना जवळपास सारखाच वेळ घेतोय. तपासणीत त्याच्या पायांना बांधलेले फोन आणि कानातला छोटा स्पीकर मिळाला. दोन्ही ठिकाणी यंत्राआधी माणसाच्या नजरेनं काम केलं, हे मुद्दाम सांगायला हवं.

झडतीला अजिबात न सापडणारा मार्गही होता. २०१० च्या खांती-मान्सीस्क ऑलिम्पियाडमध्ये फ्रान्सच्या सेबास्तियाँ फेलेरच्या अंगावर काहीच नव्हतं. घरी बसलेला साथीदार थेट प्रक्षेपण पाहून मोबाइलवर खेळी कळवायचा आणि प्रशिक्षक हॉलमध्ये ठरावीक टेबलांमागे उभा राहून ती खुणेनं सुचवायचा, असा आरोप होता. फिडेनं तिघांनाही दोषी ठरवलं. म्हणूनच मोठ्या स्पर्धांत थेट प्रक्षेपण काही मिनिटं उशिरा देण्याचा उपाय पुढे आला. सिंकफील्डमध्येही चौथ्या फेरीपासून १५ मिनिटांचा उशीर ठेवला गेला.

नीमननं लहानपणी ऑनलाइन फसवणूक केल्याचं स्वतः कबूल केलं होतं, त्यामुळे त्याच्याबद्दलची शंका हवेतून आली नव्हती. पण समोरासमोरच्या पटावर त्यानं फसवणूक केल्याचा पुरावा पुढे आला नाही, आणि सबळ कारणाशिवाय स्पर्धा सोडल्याबद्दल फिडेनं डिसेंबर २०२३ मध्ये कार्लसनला १० हजार युरोंचा दंड केला. वाद चिघळल्यावर एखाद्याची झडती कॅमेऱ्यासमोर होते, तेव्हा तिचा अर्थ तपासणी न राहता निकाल असा लावला जातो. सगळ्यांची तपासणी दारातच झाली किंवा चिठ्ठ्या टाकून नावं निवडली, तर तपासला जाणारा खेळाडू आरोपी ठरत नाही.

आपल्याकडच्या खुल्या स्पर्धांना हे जमण्यासारखं आहे. शेकडो खेळाडू आणि मोजके पंच असताना महागडी यंत्रं परवडणार नाहीत. पण हातातला साधा मेटल डिटेक्टर, पडदा लावलेला एक कोपरा, मुलींच्या तपासणीसाठी एक महिला पंच, लहान मुलासोबत पालक, आणि प्रत्येक फेरीआधी शौचालयांवर एक नजर, एवढं आयोजकांना करता येतं. शौचालयं विसरून चालणार नाही. २०१९ मध्ये स्ट्रासबर्ग इथं ५८ वर्षांचा ग्रँडमास्टर इगोर्स राउसिस तिथंच फोनसह पकडला गेला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पेनच्या सांघिक स्पर्धेत, मेलिला इथं, ग्रँडमास्टर किरिल शेवचेन्को याच्यावर कारवाई झाली ती शौचालयात सापडलेल्या फोनमुळेच.