जीव, रसायन, भौतिक: हा क्रम कोणी ठरवला?

अमेरिकेतील शाळांत आधी जीवशास्त्र, मग रसायनशास्त्र आणि शेवटी भौतिकशास्त्र शिकवण्याचा क्रम 1892 साली नेमलेल्या दहा सदस्यांच्या समितीने घालून दिला, असे सर्रास सांगितले जाते; ते खरे नाही. समितीने विषयतज्ज्ञांची शिफारस फिरवून भौतिकशास्त्र रसायनशास्त्राच्या आधी ठेवले होते, आणि वनस्पती, प्राणी व शरीरशास्त्र एकत्र करून ‘जीवशास्त्र’ हा शालेय विषय रुळला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तेव्हा त्यात वर्णन व वर्गीकरणच अधिक असल्याने तो आधी शिकवणे सयुक्तिकही होते. आज मात्र डीएनएच्या दोन साखळ्या हायड्रोजन बंधांनी, म्हणजे विद्युतप्रभारांच्या आकर्षणातून होणाऱ्या दुर्बळ बंधांनी, जोडलेल्या असतात, हे विद्यार्थी विद्युतप्रभार समजण्यापूर्वीच पाठ करतो. नोबेलविजेते लिऑन लेडरमन यांनी भौतिकशास्त्र आधी शिकवण्याचा आग्रह धरला, तो याच विसंगतीमुळे.