खराटा न फिरलेला कोपरा

नेरुळमधल्या आमच्या सेक्टरच्या उद्यानाचं मध्यंतरी सुशोभीकरण झालं. म्हणजे काय झालं, हे नवी मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. वॉकिंग ट्रॅकला नवे पेव्हर, ओपन जिम, एक गझेबो, सेल्फीसाठी हृदयाच्या आकाराची चौकट आणि कुंपणाच्या कडेने सोनेरी ड्युरंटाची रांग, दर पंधरा दिवसांनी कातरून सपाट केलेली. काम वाईट झालं असं मी म्हणणार नाही. म्हाताऱ्या माणसांना ठेच न लागता चालता येतं, हे काही थोडं नाही. पण मागचा एक कोपरा या सगळ्यातून राहून गेला. दोन गाळ्यांएवढी जागा असेल. एक करंज, एक उंबर, वाळकी फांदी घेऊन उभा असलेला जुना पांगारा, आणि खाली पाचोळा. आम्ही चार-पाच जणांनी माळीकाकांना एवढंच सांगितलं की इथे खराटा मारू नका.

"वरून कोणी विचारलं तर?" काका म्हणाले.

"सांगा, प्रयोग चालू आहे."

प्रयोग हा शब्द कामी आला.

पाचोळा कुठेही उपयोगाचाच, पण आपल्याकडे तो जरा जास्त लागतो, कारण शहराच्या बऱ्याच भागात आपण मातीवर नाही, भरावावर राहतो. खाडीकडच्या सेक्टरांखाली एकेकाळी खाजणं आणि खारजमिनी होत्या. त्यावर मुरूम आणि दगड पडले, रोलर फिरला, प्लॉट आखले गेले. अशा ठिकाणी रोपासाठी पहार मारली की ठण्ण आवाज येतो. मुळांना ओलावा हवा हे सगळ्यांना माहीत असतं, पण मुळं श्वासही घेतात हे सहसा लक्षात येत नाही. चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा रिकामी असते. त्या पोकळ्यांत थोडं पाणी आणि थोडी हवा असते. रोलरखाली या पोकळ्या चेपल्या जातात आणि ज्या उरतात त्या पावसाळ्यात पाण्याने भरतात. प्राणवायू हवेतून जितक्या झपाट्याने पसरतो, त्याच्या दहा हजार पट सावकाश तो पाण्यातून पसरतो. म्हणून अशा जमिनीत मुळं खाली जायचं सोडून वरच्या वर आडवी पसरतात, आणि जूनच्या पहिल्या वादळात झाड बुंध्यासकट आडवं होतं.

दुसरी भानगड खाराची. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तसं उन्हाळ्यात भरावाखालचं खारट पाणी बारीक पोकळ्यांतून वर चढतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. एप्रिल-मे महिन्यात उघड्या आळ्यांभोवती पांढरट पापुद्रा दिसतो तो हाच. पावसाळ्यात मीठ पुन्हा खाली धुतलं जातं, पण तोवर कोवळ्या रोपाचे हाल झालेले असतात. जमिनीवर चार बोटं पाचोळा असला की ऊन थेट मातीला भिडत नाही, बाष्पीभवन मंदावतं आणि मीठही कमी चढतं. लॉनला रोज पाइपने पाणी घालून जे साधायला जातो, त्यातला बराचसा भाग वाळकी पानं फुकट करून देतात. आणि आपण ती गोण्यांत भरून कचरागाडीत टाकतो.

पावसाळा संपता संपता मी त्या कोपऱ्यात बसून पाचोळ्याचे थर हाताने उचलून पाहिले. वरची पानं अख्खी, करकरीत. त्याखालची मऊ, डागाळलेली, एकमेकांना चिकटलेली. आणखी खाली पानाची फक्त शिरांची जाळी उरलेली, शाळेत वहीत पिंपळपान ठेवायचो तशी. त्याखाली चहाच्या चोथ्यासारखा काळा भुगा, त्यातून फिरणारे बुरशीचे पांढरे धागे. एक वाणी, म्हणजे तो असंख्य पायांचा किडा, अंगाची गोल चकली करून पडली होती. मातीत गांडुळाची भोकं होती, आणि पहार जिथे ठणकत होती तिथे बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. एका पावसाळ्यात मुरमाची काळी माती होत नाही. पण गांडुळाचं प्रत्येक भोक म्हणजे हवेला आणि पाण्याला खाली जायची वाट असते.

पाण्याचा हिशोब मोठा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एकरभर बागेवर दिवसात १०० मिलिमीटर कोसळला, जो जुलैत आपल्याला नवा नाही, तर चार लाख लिटर होतात. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. पेव्हरखाली काँक्रीटचा थर असेल तर त्या भागावर पडलेलं बहुतेक सगळं पाणी गटारात जातं. सखल नवी मुंबईत गटारातून ते धारण तलावात येतं. भरतीच्या वेळी खाडीकडची दारं मिटतात, पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला बाहेर जातं. भरती आणि मुसळधार एकाच वेळी आली की काय होतं, ते आपण रस्त्यावर गुडघाभर पाण्यात उभं राहून पाहिलेलं आहे. बागेत जिरलेलं पाणी या रांगेत उभंच राहत नाही.

म्हणून कोपऱ्यात आम्ही एक बशी केली. खड्डा नाही, बशीच: मध्ये वीतभर खोल, कडेला हळूहळू वर येणारी. तळ पहारीने फोडला, वाळू आणि पालाखत मिसळलं, आणि वाळ्याचे ठोंब लावले, कारण वाळ्याची मुळं आडवी न पसरता खाली घुसतात. ट्रॅकवरून वाहणारं पाणी इकडे वळवलं. लगेच आक्षेप आला: डास होतील. आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर घड्याळात आहे. डासाचं अंडं ते उडणारा डास या प्रवासाला आपल्या हवेत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. पाणी दोन दिवसांत जिरलं तर अळ्या चिखलात मरतात. खुणा केलेली काठी बशीत रोवून आम्ही मोजलं. शनिवारी सकाळी काठोकाठ भरलेली बशी रविवारी संध्याकाळी नुसती ओली होती. डास खरे होत होते ते बंद पडलेल्या कारंज्याच्या हौदात, ज्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, कारण त्याला निळ्या टाइल्स आहेत.

हौदात गप्पी सोडा, हा सल्लाही मिळाला. बंद हौदापुरता ठीक आहे. पण गप्पी दक्षिण अमेरिकेकडचा मासा आहे, आणि तो बेडकाची पिल्लंही सोडत नाही. आपल्याकडचा, डोक्यावर चंदेरी ठिपका मिरवणारा पिकू डासांच्या अळ्या आवडीने खातो. त्याची आठवण मात्र कोणाला होत नाही.

आता उंबराकडे येतो, कारण या कोपऱ्यातलं सगळ्यात गुंतागुंतीचं प्रकरण तेच आहे. दुर्मीळ माणूस भेटला की आपण 'उंबराचं फूल' म्हणतो. उंबराला फुलं भरपूर येतात, फक्त ती फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत असतात. तिथे पोचायला टोकाशी एक बारीक भोक असतं. उंबराची एक खास चिमुकली माशी त्यातून आत घुसते. वाट इतकी अरुंद की तिचे पंख तुटतात. आत ती परागकण पोचवते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या मुली बाहेर पडतात तेव्हा त्यांच्याकडे फार तर एक-दोन दिवसांचं आयुष्य असतं. तेवढ्यात त्यांना दुसरं उंबर शोधावं लागतं, आणि तेही नेमकं त्या अवस्थेतल्या फळांचं, कारण एका झाडावरचे गोळे सहसा एकदम तयार होतात. वाऱ्यावर स्वार होऊन या माश्या किलोमीटरच्या किलोमीटर जातात. म्हणजे आमच्या कोपऱ्यातल्या उंबराचा संसार सेक्टरमध्ये मावतच नाही. तो पारसिक डोंगराच्या उतारावरच्या, रेल्वेलगतच्या, कुठल्या तरी भिंतीत रुजलेल्या उंबरांशी जोडलेला आहे. वेगवेगळी उंबरं वेगवेगळ्या वेळी लगडतात, म्हणून इतर झाडं रिकामी असतानाही तांबट, कोकीळ आणि वटवाघळांना कुठे ना कुठे खायला मिळतं. भिंतीतलं उंबर उपटताना ही साखळी डोक्यात नसते. असावी असंही नाही, भिंत वाचवायलाच हवी. पण बागेतलं तरी ठेवावं.

याच कारणासाठी ड्युरंटाच्या रांगेवर माझा राग आहे. सारखी कातरल्यामुळे तिला फुलं धरतच नाहीत. फुलपाखरू उद्यान म्हणून नुसती फुलझाडं लावणं हेही अर्धंच काम. मध कुठेही मिळतो, बाळंतपणाला माहेर लागतं. रुईवरच्या अळीला रुईच हवी, बहाव्यावरचीला बहावा. कोपऱ्यात आम्ही कढीपत्त्याची दोन रोपं लावली आणि तिसऱ्या आठवड्यात पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसू लागलं. त्या अळ्या होत्या. शीट कोण खाणार, हा त्यांचा बचाव. मोठ्या झाल्या की त्या हिरव्यागार होतात, आणि बोट लावलं तर डोक्यामागून दुबेळक्यासारखा लाल अवयव बाहेर काढून उग्र वास सोडतात. शेजारच्या काकूंनी फोडणीसाठी म्हणून त्या रोपांवर डोळा ठेवला होता. अळ्यांनी आठ दिवसांत काड्या केल्या. काकू चिडल्या, मग त्यांनीच तिसरं रोप आणून दिलं आणि बजावलं, "हे माझं."

सापांची भीती मात्र चेष्टेवारी नेण्यासारखी नाही. पाचोळा ट्रॅकपासून आणि मुलांच्या जागेपासून चांगला दूर ठेवला आहे, आणि हात घालण्याआधी काठीने चाळवायचा असा नियम आहे. पण साप उंदरांमागे येतात आणि उंदीर खरकट्यामागे. कुत्र्या-कबुतरांसाठी पसरलेले पाव बंद करणं हा त्यातला खरा उपाय, आणि तोच सगळ्यात अवघड.

पांगाऱ्याची वाळकी फांदी पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीच्या यादीत होती. तांबट पक्षी घरटं कोरतो ते अशाच मेलेल्या, मऊ लाकडात. जिवंत फांदी त्याच्या चोचीला कठीण जाते. फांदी वाटेवर झुकली असती तर मीच तोडा म्हणालो असतो. ती आतल्या बाजूला आहे. शेंड्याकडचा भाग कापून बुंध्याकडचं हातभर ओंडकं ठेवलं. मार्चमध्ये त्याच्या खालच्या अंगाला रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं, कंपासने आखल्यासारखं भोक पडलं होतं, आणि खाली पाचोळ्यावर पिवळट भुसा.

आता प्रश्न उरला आहे दिव्याचा. कोपऱ्यालगत नवा पांढराफटक एलईडी लागला आहे आणि तो पहाटेपर्यंत जळतो. त्याच्याभोवती रात्रभर पतंग फिरत राहतात, ना खातात ना अंडी घालतात, आणि सकाळी खाली पंखांचा सडा असतो. पिवळसर दिव्याकडे कीटक कमी येतात, आणि दिव्याला वरून टोपी असली की उजेड झाडात न जाता वाटेवर पडतो. बाग रात्री दहाला बंद होते. दहानंतर हा एक दिवा बंद ठेवावा, असा अर्ज आम्ही दिला आहे. आवक क्रमांक मिळाला आहे.