कण्हसेल, कान्हा, कान्हेरी

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या लेण्यांना आपण कान्हेरी म्हणतो. तिथल्या शिलालेखांत डोंगराचं नाव ‘कण्हसेल’ असं कोरलेलं आहे. संस्कृतात तेच कृष्णशैल, कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर. ‘कृष्ण’ हा मुळात रंगाचा शब्द. तो देवाचं नाव झाला आणि बोलता बोलता कण्ह, कान्हा, कान्होबा असा घडत गेला. म्हणून संस्कृत नावांचा इतिहास पोथीत जितका आहे, तितकाच तो लोकांच्या तोंडीही आहे.

पोथीतले नियम मात्र फार बारीक. घरातल्या संस्कारांचे नियम सांगणारं पारस्कर गृह्यसूत्र म्हणतं, मुलाचं नाव वडिलांनी ठेवावं. ते दोन किंवा चार अक्षरी असावं, सुरुवात ग, द, ब अशा घोष वर्णाने व्हावी, मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादा असावा. मुलीचं नाव विषम अक्षरांचं आणि आकारान्त. शिवाय मुलाचं नाव धातूपासून, म्हणजे क्रियापदाच्या मूळ रूपापासून, बनलेलं हवं, दुसऱ्या नावापासून नको. रम् धातूपासून आलेला ‘राम’ चालेल, रघूपासून आलेला ‘राघव’ नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पतंजलींनी महाभाष्य या व्याकरणग्रंथाच्या आरंभीच व्याकरण शिकण्याचं एक कारण म्हणून हेच दिलं आहे: ते आलं नाही तर बाळाचं नाव कसं ठेवणार? मला हे फार मोलाचं वाटतं. आज ‘रेयांश’सारखं नाव संस्कृत म्हणून सुचवलं जातं, पण तो शब्द संस्कृत कोशांत नाही. ‘अनय’ आहे, पण त्याचा अर्थ अनीती किंवा दुर्दैव. पाळण्याआधी एकदा कोश उघडायला हवा.

नक्षत्रांचीही अक्षरं आहेत. 27 नक्षत्रांचे प्रत्येकी 4 असे 108 चरण, अश्विनीला चू, चे, चो, ला. जन्माच्या चरणाच्या अक्षरावरून ठेवलेलं ते नावरस नाव बहुधा पत्रिकेतच राहतं.

याच परंपरेचं दुसरं अंग दुखरं आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनवाचक आणि शूद्राचं ‘जुगुप्सित’, म्हणजे किळस यावी असं, ठेवायला सांगितलं आहे. जन्मल्या दिवसापासून माणसाला हिणवायची ही तजवीज होती. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तो ग्रंथ जाळला गेला, त्यामागच्या संतापाला असे श्लोकच कारण होते. संस्कृत नावांचं कौतुक करताना हे लपवू नये.

दगडू, धोंडू, केरू ही नावं मात्र वेगळ्या पोटातून आलेली. आधीची मुलं दगावली की आई-वडील बाळाला मुद्दाम ओबडधोबड नाव देत, काळाची नजर पडू नये म्हणून. लादलेली हीनता आणि मायेपोटी पांघरलेली हीनता यांची गल्लत करता कामा नये.

सूत्रात नाव ठेवणारा बाप आहे, आपल्या बारशात आत्या. पाळण्याच्या वरून-खालून ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळ हातोहात फिरतं, मग आत्या कानात कुर्र करते. गिरगावच्या चाळीत काय किंवा डोंबिवलीच्या हॉलमध्ये काय, हे अजून तसंच चालतं.

आणि आईचं नाव? सातवाहन राजे ते अभिमानाने आधी लावत: गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र सातकर्णी. यांतल्या वासिष्ठीपुत्राच्या राणीचा उल्लेख असलेला संस्कृत लेख कान्हेरीतच आहे. पुढे मधली जागा बापाने किंवा नवऱ्याने घेतली. लग्नात तांदळावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहून तिचं पहिलंही नाव पुसण्याची रीत पडली. 2024 मध्ये राज्य सरकारने ठरवलं, की 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव येईल.